मुळीपासून मण्यापर्यंत

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांत कापलेल्या काड्यांच्या टोकांतून पाणी ठिबकू लागते. वेलीवर तेव्हा पान नसते, म्हणजे उन्हाने पाणी वर ओढून घ्यावे अशी सोयच नसते. तरी थेंब पडत राहतात. बागाईतदार त्यावरून मुळी चालू आहे एवढे ओळखतो आणि पुढच्या कामाला लागतो. झाडाच्या अंगात पाणी चढते कसे, या प्रश्नाच्या मोजणीला सुरुवात झाली ती अशाच थेंबांपासून, आणि तीही द्राक्षवेलीवरच.

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा पाद्री स्टीफन हेल्स याची एक जुनी वेल अवेळी छाटली गेली आणि तिचे पाणी थांबेना. जखम बंद व्हावी म्हणून त्याने जनावराच्या मूत्राशयाची पातळ पिशवी तिच्यावर घट्ट बांधली, तर ती आतल्या दाबाने फुगली. हेल्सने मग कापलेल्या खोडांना काचेच्या नळ्या एकावर एक जोडल्या. त्यांत पाणी वीस फुटांच्या वर चढले. १७२७ साली निघालेल्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात ही मोजमापे आहेत. या जोराला आज मूलीय दाब म्हणतात. मुळीच्या पेशी क्षार आत घेतात, क्षारांमागोमाग पाणी शिरते, आणि वर ओढणारी पाने नसली की ते खालून ढकलले जाऊन छाटलेल्या टोकातून बाहेर पडते. पाने भरली की हे ठिबकणे थांबते, उलट कापलेली फांदीच पाणी शोषू लागते, हेही हेल्सने पाहिले होते. खरी ओढ पानांची असते हा निष्कर्ष त्याचाच.

तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षांत या विषयात जे समजले त्यातला मोठा भाग द्राक्षवेलीवरच्या प्रयोगांतून आला आहे. नाशिकच्या बागांपर्यंत मात्र तो तुकड्यातुकड्यांनी पोचतो, बहुधा एखाद्या खताच्या किंवा फवारणीच्या शिफारशीला चिकटून. मला वाटते हे उलटे व्हायला हवे. वेलीत दोन वाटा आहेत, जलवाहिन्यांची आणि रसवाहिन्यांची. कोणती वस्तू कोणत्या वाटेने, कोणत्या दिवसांत जाते हे कळल्याशिवाय शिफारशीला अर्थ येत नाही, आणि एकरी लाखांचा खर्च करणाऱ्याला ते कळायलाच हवे.

आधी चढत्या पाण्याचे पाहू. मूलीय दाब फार तर एकदोन बारचा, तोही रात्री-पहाटे, जमीन ओली असताना. भर दुपारी वेल जे पाणी खेचते त्याला हा दाब पुरत नाही. वरून ओढायचे म्हटले तर दुसरी अडचण येते, आणि ती विहीर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. काठावर ठेवलेली मोटर तीस-चाळीस फुटांखालचे पाणी उचलत नाही. मोटर खाली उतरवावी लागते, नाहीतर पाणबुडी टाकावी लागते. कारण ओढणारा पंप पाणी ओढत नसतो, बाहेरची हवाच ते वर ढकलत असते, आणि हवेच्या दाबाची ताकद सुमारे दहा मीटरपर्यंतच. बांधावरची निलगिरी त्याहून सहज उंच जाते. कॅलिफोर्नियातली रेडवुडची झाडे शंभर मीटरच्या वर आहेत.

१८९१ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर याने उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वीस मीटरहून वर चढत राहिले. म्हणजे खोडात पाणी उचलणारा कोणी जिवंत हमाल नव्हता. १८९४-९५मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी उत्तर मांडले. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बारीक नळीत, हवेचा बुडबुडा नसेल तर, पाण्याचा धागा ताणता येतो. पानातल्या पेशींच्या भिंतींवरून पाणी वाफ होऊन पर्णरंध्रांतून बाहेर जाते, त्याच्या जागी मागचे पाणी ओढले जाते, आणि ही ओढ पानापासून काडी, ओलांडा, खोड, मुळी अशी थेट मातीतल्या पाण्यापर्यंत पोचते. वेल यासाठी स्वतःची शक्ती खर्च करीत नाही. काम सूर्य करतो.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांना हे पटले नव्हते. १९२३ साली रसारोहणावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी खोडाच्या आतल्या सालीतील जिवंत पेशी स्पंदन पावून पाणी वर ढकलतात असे मांडले. पाण्याच्या चढणीबाबत हा सिद्धान्त टिकला नाही, आणि ते स्पष्ट म्हणायला हवे. पण वनस्पतीच्या देहातल्या हालचाली इतक्या नाजूक यंत्रांनी मोजता येतात हे त्यांनी दाखवले. त्यांच्याबद्दलचा आदर या एका सिद्धान्तावर अवलंबून ठेवण्याची गरज नाही.

डिक्सन-जोली यांचा ताण प्रत्यक्ष मोजायला १९६५ साल उजाडावे लागले. शोलँडर आणि सहकाऱ्यांनी कापलेली फांदी दाबपेटीत ठेवली, देठाचे टोक बाहेर काढले आणि टोकावर पाणी दिसेपर्यंत पेटीत वायूचा दाब वाढवला. जेवढा दाब द्यावा लागला तेवढा ताण आत होता. द्राक्षाच्या पानात दुपारी हा ताण दहा बार सहज ओलांडतो. १९९०च्या दशकात काही संशोधकांनी सूक्ष्म सुया खुपसून एवढा ताण सापडत नाही असे म्हटले आणि वाद पेटला. १९९५मध्ये फांद्या गरागरा फिरवून हवा तेवढा ताण निर्माण करण्याचे प्रयोग झाले आणि पाण्याचे धागे तो ताण सोसतात असे दिसले. २००८मध्ये कॉर्नेल विद्यापीठात व्हीलर आणि स्ट्रूक यांनी पेशी नसलेले, निव्वळ जेलचे ‘झाड’ करून त्यात ताणलेले पाणी वाहून दाखवले. माझ्या मते मूळ प्रश्न तिथे मिटला.

न मिटलेला प्रश्न धागा तुटण्याचा आहे, आणि तो द्राक्षाच्या मुळावर येणारा आहे. वेल म्हणजे स्वतःचे खोड जाड करण्यावर खर्च न करणारी वनस्पती. तिच्या जलवाहिन्या रुंद आणि लांब असतात, म्हणून थोड्या लाकडातून भरपूर पाणी जाते. पण कडक ऊन आणि कोरडी जमीन यांत ताण फार वाढला की त्यांत हवा शिरते आणि ती वाहिनी बंद पडते. १९८७ साली जंगली द्राक्षवेलींवर झालेल्या अभ्यासात हिवाळ्यात रिकाम्या झालेल्या वाहिन्या वसंतात मूलीय दाबाने पुन्हा भरताना आढळल्या. २०१०मध्ये जिवंत वेलीच्या खोडाचे क्ष-किरण स्कॅन घेऊन रिकाम्या वाहिनीत थेंब फुटून ती भरताना चित्रितही करण्यात आले. त्यानंतर काही वर्षे असे मानले गेले की वेल दिवसाढवळ्या, ताण चालू असतानाच, तुटलेल्या वाहिन्या दुरुस्त करते. २०१३मध्ये शंका आली: ताणाखालची फांदी कापताना कापणाराच आत हवा घुसवतो, मग मोजणीत खोटी ‘दुरुस्ती’ दिसते. २०१६मध्ये द्राक्षवेलीवरच न कापता घेतलेल्या स्कॅनमध्ये ताण असताना भरणी झालेली दिसली नाही. ती झाली ती खालून मुळीचा दाब आल्यावरच. या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. कोरड पडली की आधी देठातल्या वाहिन्या निकामी होतात, खोडातल्या नंतर. वेल पान टाकून खोड वाचवते.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. २०१२-१३ आणि २०१५-१६च्या दुष्काळांत टँकरने पाणी आणून बागा जगवल्या गेल्या. अशा उन्हाळ्यात पाने गळलेल्या वेलीचे खोड शाबूत असू शकते, पण तिच्या रिकाम्या वाहिन्या भरायला ओली जमीन आणि जिवंत मुळी दोन्ही लागतात. मुळी गेलेल्या बागेला छाटणीनंतर कितीही पाणी दिले तरी फूट एकसारखी येत नाही, त्याचे एक कारण इथे आहे.

मुळीचे दार पांढऱ्या मुळीत असते. क्षार आणि पाणी मातीतून पेशींच्या फटीफटींतून आत येतात, पण मध्यभागी पोचण्याआधी त्यांना मेणचट पट्टा आडवा येतो. जर्मनीच्या कास्पारी याने १८६५ साली त्याचे वर्णन केले. तिथून पुढे जायचे तर पेशीच्या पटलातूनच जावे लागते, म्हणजे काय आत घ्यायचे आणि काय नाही याची निवड जिवंत पेशी करते. पटलात पाण्यासाठी खास छिद्रे असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी असेही दिसून आले की मुळीला प्राणवायू मिळेनासा झाला की पेशीतला आम्लपणा वाढतो आणि ही छिद्रे मिटतात. काळ्या जमिनीत सततच्या पावसाने पाणी साचले की वेल पाण्यात उभी राहून सुकल्यासारखी दिसते ती यामुळे. वाफसा याचा अर्थ मातीत पाणी आणि हवा दोन्ही असणे. बोद उंच का करायचे, ठिबक किती वेळ चालवायचे, याचा निवाडा वाफशावरच होतो. माझ्या दृष्टीने बागेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खत वाफसाच आहे.

नाशिकच्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असते, पण मुळीला घेता येईल अशा रूपात नसते. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. कोवळी पानेच का? कारण लोह एकदा पानात बसले की तिथून फारसे हलत नाही. जुन्या पानातले काढून नव्याला देता येत नाही. पालाश आणि मॅग्नेशियम हलतात, म्हणून त्यांची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते. कोणते पान पिवळे झाले हे पाहूनच निम्मे निदान होते.

आता दुसरी वाट. इटलीच्या मालपिगीने सतराव्या शतकात झाडाच्या सालीचे कडे काढले, तेव्हा जखमेच्या वरचा भाग फुगला आणि खालचा खंगला. पानात तयार झालेले अन्न सालीतून जाते हे त्यातून कळले. ते कसे जाते हे १९३० साली म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले. पानाजवळ रसवाहिनीत साखर भरली जाते, तिच्यामागे पाणी शिरते, दाब वाढतो. मुळीत किंवा घडात साखर उतरवून घेतली जाते तिथे दाब कमी होतो. या दाबाच्या फरकाने रस वाहतो. जलवाहिनीत ओढ, रसवाहिनीत ढकल. पहिली मेलेल्या पेशींची मोकळी नळी, दुसरी जिवंत पेशींची रांग. पहिलीत पाणी तासाला काही मीटर जाते, दुसरीत रस साधारण मीटरभर. हा रस शुद्ध मिळवणे अवघड होते. १९५३मध्ये केनेडी आणि मिटलर यांनी रस पिणाऱ्या माव्याची सोंड कापून ती झाडातच ठेवली, आणि सोंडेतून आतल्या दाबाने रस थेंबथेंब येत राहिला. मावा रस शोषतो असे आपण म्हणतो. खरे तर झाडच तो त्याच्या तोंडात ढकलते.

मालपिगीचा प्रयोग नाशिकच्या बागांत हंगामी काम म्हणून चालतो. थॉमसन सीडलेसचे मणी बारीक, चार-पाच मिलिमीटरचे असताना खोडाच्या सालीचे मिलिमीटरभर रुंदीचे कडे काढतात. त्यालाच गर्डलिंग म्हणतात. साल काढताना चाकू लाकडात घुसता कामा नये, कारण जलवाहिन्या लाकडात आहेत. त्या कापल्या तर वेलीचे पाणीच तुटेल. नीट झालेल्या गर्डलिंगनंतर पाणी वर जात राहते आणि पानांची साखर खाली मुळीकडे जाण्याऐवजी घडात राहते. मणी फुगतो. तीनचार आठवड्यांत जखम भरून वाट पुन्हा जुळते. तेवढे दिवस मुळी उपाशी असते, हे मात्र विसरले जाते. अशक्त बागेला, खारवट जमिनीत धडपडणाऱ्या मुळीला गर्डलिंग करणे म्हणजे पुढच्या वर्षाच्या भांडवलातून या वर्षीचा मणी फुगवणे. निर्यातीच्या मापाचा दबाव मला समजतो, तरीही सरसकट गर्डलिंगच्या विरोधात मी आहे.

कारण मुळीकडे जाणारी साखरच पुढच्या पिकाचा पाया असते. आपल्याकडे वेल युरोपातल्यासारखी थंडीत झोपत नाही. आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदा घेतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते ती खोडात, ओलांड्यात, मुळीत साठवलेल्या पिष्टावर. त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड मे-जूनमध्येच आकार घेतात. म्हणून देठ परीक्षणाचा पहिला नमुना एप्रिल छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी घेतात आणि दुसरा ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाच्या देठाचा. पानापेक्षा देठ का, तर तो वाटेतला नाका आहे: मुळीने प्रत्यक्ष किती वर पाठवले ते तिथे मोजता येते. माती परीक्षण जमिनीत काय आहे ते सांगते, देठ वेलीला त्यातले काय मिळाले ते सांगतो. दोन्ही अहवाल शेजारीशेजारी ठेवून वाचावेत, ही शिस्त अजून पुरेशी रुजलेली नाही.

या सगळ्या वाहतुकीतला सर्वांत गुंतागुंतीचा टप्पा मण्यात येतो. सुरुवातीला मण्याला पाणी मुख्यतः जलवाहिनीने मिळते. मग तो मऊ पडू लागतो, रंग बदलतो, ज्याला बागेत ‘पाणी उतरणे’ म्हणतात ती अवस्था येते, आणि पुरवठा रसवाहिनीकडे जातो. पूर्वी समज होता की तेव्हा मण्यातल्या जलवाहिन्या तुटतात, कारण रंगाचे द्रावण आत शिरत नसे. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांनी दाखवले की त्या शाबूत असतात. ओढ संपलेली असते एवढेच. २००६मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी दुसरा दुवा जोडला. याच सुमारास साखर पेशीतून पेशीत थेट जाणे थांबते आणि ती पेशींच्या बाहेरच्या जागेत उतरवून मग आत घेतली जाते. साखरेबरोबर आलेले जास्तीचे पाणी मण्याला नको असते. २०१५मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या केलर यांच्या गटाने दाखवले की ते जलवाहिनीतून उलटे वेलीकडे परत जाते. म्हणजे ज्या वाटेने आधी पाणी येत होते त्याच वाटेने ते आता माघारी जाते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली कॅल्शियमची. ते जलवाहिनीनेच जाते, रसवाहिनीत जवळजवळ चढतच नाही. त्यामुळे मण्याला लागणारे कॅल्शियम पाणी उतरण्याआधीच, मुळीवाटे, चालू बाष्पोच्छ्वासाच्या जोरावर पोचायला हवे. पानावर फवारलेले कॅल्शियम पानातच राहते, घडात जात नाही. घडावर फवारायचे तर मणी कोवळा असताना, थेट मण्यावर. उशिराच्या कॅल्शियम फवारण्यांवर होणारा खर्च मला बहुतांशी वाया गेलेला वाटतो. गिरणारे परिसरातल्या टोमॅटो उत्पादकांना हाच नियम दुसऱ्या रूपात भेटतो: फळाचे बूड काळे पडते तेव्हा जमिनीत कॅल्शियम नसतेच असे नाही, पाण्याची पाळी चुकल्याने ते फळाच्या टोकापर्यंत पोचलेले नसते. पालाशचे उलट आहे. ते रसवाहिनीने, साखरेबरोबर, पाणी उतरल्यावर मण्यात भरते.

दुसरी गोष्ट मणी तडकण्याची. बागलाणात, सटाण्याकडे, बागा लवकर छाटतात; डिसेंबरच्या आसपास मण्यांत साखर भरलेली असते आणि नेमका अवकाळी पाऊस येतो. साखरेने भरलेला मणी सालीतूनही पाणी ओढतो. हवा दमट असल्याने त्याचे पाणी उडत नाही, पाने ओली आणि रंध्रे निवांत असल्याने जलवाहिनीत मागे ओढणारे कोणी उरत नाही, आणि खालून मुळीचा दाब येतो. तिन्ही बाजूंनी पाणी, जायला वाट नाही; मग साल फाटते. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस निफाड परिसराने गारपीट सोसली. गारेपुढे वेलीचा इलाज चालत नाही. पण तडकण्याचा धोका, कोवळ्या वयात कॅल्शियमने बांधलेली साल आणि पावसाच्या आधी आवरलेले ठिबक यांनी थोडा तरी कमी होतो.

वेलीच्या वाटांनी फक्त अन्न जात नाही. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि निर्यातदारांसह बागाईतदारांचेही मोठे नुकसान झाले. हे संजीवक काडीची वाढ रोखून डोळ्यात घड धरावेत म्हणून वापरले जाई. फवारले पानांवर, निघाले मण्यांत. वेल तिला दिलेले काहीही जिथल्या तिथे ठेवत नाही, हा धडा महाग पडला. बहुतेक आंतरप्रवाही बुरशीनाशके जलवाहिनीने फक्त वर, पानाच्या टोकाकडे जातात. फोसेटिलसारखी मोजकीच खालीही उतरतात. फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानाला बहुतेकांचे संरक्षण पुरेसे मिळत नाही, ते यासाठी. वेष्टनावर हे मराठीत ठळक छापायला हवे.

सध्या जिल्ह्यात अवकाळीपासून बचाव म्हणून बागांवर प्लास्टिक आच्छादन येत आहे. ते यायला हवे. गारा आणि पाऊस यांपुढे दुसरा भरवशाचा उपाय दिसत नाही. पण आच्छादनाखाली उजेड कमी, हवा दमट, वारा थोडा. बाष्पोच्छ्वास घटला की जलवाहिनीचा प्रवाह घटतो आणि त्याबरोबर कॅल्शियमचाही. उघड्या बागेचे ठिबकाचे वेळापत्रक तिथे जसेच्या तसे चालवले तर मुळी ओलीगच्च राहील आणि मणी उपाशी. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि द्राक्ष बागाईतदार संघाने उघडी आणि झाकलेली बाग शेजारीशेजारी घेऊन दुपारचा पानाचा ताण दाबपेटीने आणि मण्यातले कॅल्शियम प्रयोगशाळेत, दोन्ही हंगामभर मोजावे, आणि आच्छादनाखालच्या पाण्याचे वेगळे वेळापत्रक छाटणीच्या आधी बागाईतदारांच्या हातात द्यावे.